तोंडाचा राब

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पुढे काही लिहिलेलं नाही, आणि बाबांची सहीसुद्धा दर वेळी वेगळी येते म्हणून बँकेत त्यांना तीनतीनदा करायला लावतात. मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माणसाच्या कातडीबद्दल लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. पण जे झालं ते माझ्याच तोंडाला झालं, तेव्हा निदान त्या जागेची माहिती मला इतरांपेक्षा जास्त आहे, एवढ्याच आधारावर लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची वाडी बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला आत आहे. कॉलेज उल्हासनगरला. माझ्या गालांवर नववीत मुरुमं आली आणि बारावीनंतर गेली, पण जाताना खड्डे मागे ठेवून गेली. मित्र म्हणायचे, तुझ्या तोंडावर पाऊस पडला तर डास होतील. मी पण हसायचो. मग वर्गात भिंतीकडच्या बाकावर, कमी खड्ड्यांचा गाल बाहेरच्या बाजूला ठेवून बसायचो.

हे असंच चाललं असतं. पण वैशाखात ताईचा साखरपुडा ठरला. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती घरी मशीनवर जीन्सची शिलाई करते. कापलेले भाग उल्हासनगरहून येतात, शिवून परत जातात. मुलगा अंबरनाथचा, शिवमंदिराच्या बाजूला घर, कारखान्यात फिटर. मामाने स्थळ आणलं होतं. मामा अंबरनाथ पूर्वेला राहतो आणि त्याने आणलेलं हे सातवं स्थळ. आधीची सहा कुठे ना कुठे अडली होती, त्यामुळे आय रोज देवाला सांगायची, बाकी काही देऊ नको, पण हे मोडू नको.

मुलाकडचे बघायला आले त्या दिवशी माझा पेपर होता, म्हणून मी त्याला पाहिलेलं नव्हतं. ताईच्या मोबाइलवर फोटो होता, पण तो कुठल्याशा अॅपमधून काढून इतका गोरा केलेला होता की नाक कुठे संपतं ते कळत नव्हतं.

साखरपुडा आमच्या दारात, रविवारी. बाबांनी जाहीर करून टाकलं की पाहुण्यांचं स्वागत माइकवर मी करायचं. "शिकलाय ना तो. बोलंल." व्हिडिओवाला येणार होता. भाषणाची मला भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती कॅमेऱ्याची होती. आमच्याकडे व्हिडिओवाले माणसाच्या तोंडाजवळ कॅमेरा नेतात आणि तिथे गुलाबाचं फूल उमलवतात. त्या फुलाच्या मधोमध माझे खड्डे मला दिसायला लागले.

त्याच आठवड्यात कॉलेजात त्वचा तपासणीचं शिबिर झालं. उल्हासनगरच्या एका दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. सिंधी, पांढरे केस, कानात मोठे झुमके. त्यांनी माझा गाल बॅटरीने पाहिला आणि म्हणाल्या, "आ जाओ बेटा क्लिनिक पे. इस हफ्ते स्टूडेंट का पहला सिटिंग फ्री है."

बुधवारी गेलो. मॅडमनी मला पेनासारखं एक यंत्र दाखवलं. त्याच्या टोकाला बारीक बारीक सुयांचा झुबका होता. ते चालू केलं की सुया आतबाहेर होतात आणि कातडीला अगदी बारीक भोकं पडतात.

"भोकं पाडून खड्डे कसे भरतील, मॅडम?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"देखो बेटा. चमड़ी बहुत भोली होती है. सुई लगी कि उसको लगता है, अरे, चोट लग गई! घबरा के अंदर से रिपेअरिंग चालू कर देती है, नया माल बनाती है, नीचे से भराव डालती है. हम सिर्फ डराते हैं. काम तो वो खुद करती है."

"म्हणजे रविवारपर्यंत होईल?"

"कौन सा संडे?"

"हाच."

मॅडमनी चष्मा काढला. "महीना-डेढ़ महीना तो फरक दिखने में लगता है. और एक बार से नहीं होता, चार-पाँच बार करना पड़ेगा. संडे को फंक्शन है तो मत करो अभी. दो-चार दिन मुँह टमाटर रहेगा."

मी बोटांवर मोजलं. बुधवार ते रविवार, चार दिवस. टोमॅटो शनिवारपर्यंत उतरणार, आणि कातडी एकदा घाबरली की कदाचित माझी जरा लवकर कामाला लागेल. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझा अभ्यास असाच होतो. मी म्हटलं, "करा."

"तुम्हारी मर्ज़ी. धूप में नहीं जाना, हाथ नहीं लगाना."

आधी तोंड बधिर करायला मलम लावतात. पांढरं, जाड. त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवतात आणि पाऊण तास बाहेर बसवतात. बाकावर माझ्याशेजारी आणखी एक जण तसाच बसला होता. आम्ही दोघं फ्रिजमध्ये झाकून ठेवलेल्या श्रीखंडाच्या वाट्यांसारखे दिसत होतो. ओठ हलवले की प्लास्टिक सुटायचं, म्हणून आम्ही दातांवर दात ठेवून बोललो.

"पहिली वेळ?" त्याने विचारलं.

"हो. तुमची?"

"माझी पण. रविवारी कार्य आहे."

"आमच्याकडे पण," मी म्हटलं. वैशाखातला रविवार, प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच. "घरी सांगितलंत?"

"वेडा आहेस काय? वडील म्हणतील, बायकांसारखं तोंड रंगवतोस. ओव्हरटाइम आहे सांगितलं. तू?"

"प्रॅक्टिकल आहे सांगितलं."

"कशाला आहेस?"

"कॉमर्सला."

"कॉमर्सला प्रॅक्टिकल असतं?"

"नसतं. पण आमच्या घरी माहीत नाही."

तो हसला आणि त्याचं हनुवटीचं प्लास्टिक सुटलं. ते मी बसवून दिलं. मग तो स्वतःहूनच सांगायला लागला. मुलगी चांगली आहे, हुशार वाटते, पण फोनवर बोलताना तिच्या मागे सतत काहीतरी घरघरत असतं. "निम्मं ऐकूच येत नाही. मी सगळ्याला हो म्हणतो."

"गिरणीत राहते का?"

"काय माहीत. विचारलं होतं. ते तिला ऐकू गेलं नाही."

एवढ्यात मला आत बोलावलं. यंत्राबद्दल फार सांगत नाही. गालावर काही कळलं नाही, कपाळावर कळलं, आणि वरच्या ओठाजवळ आल्यावर डोळ्यांतून आपोआप पाणी यायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "रो मत बेटा, अभी दूसरा गाल बाकी है." शेवटी आरशात पाहिलं. अख्खं तोंड लाल आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे गडद ठिपके. उन्हापासून सांभाळायची ट्यूब हिरव्या पिशवीत घालून दिली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत रुमाल गुंडाळून मी बदलापूरला उतरलो आणि रिक्षाने वाडीवर आलो.

वाटेत मी ठरवलं होतं की कुणी विचारलं तर उन्हाने झालं म्हणून सांगायचं. पण आमच्या घरात विचारायची पद्धत नाही. आय अंगणात तांदूळ निवडत होती. मी रुमाल काढला. तिने वर पाहिलं. सूप हातातून खाली.

"अगो माज्या आय! आयली! माता आयली!"

माता म्हणजे कांजिण्या, गोवर, असलं पुरळ. आमच्याकडे तो आजार मानत नाहीत. देवी त्या माणसाच्या अंगात पाहुणी आली असं मानतात, आणि पाहुणीची बडदास्त ठेवावी लागते. आयचा आवाज ऐकून आत्या बाहेर आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच असते. देवाधर्माचं सगळं खातं तिच्याकडे. तिने लांबूनच माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात जोडले.

"ये आय. सुखानं ये. सुखानं बस."

मी म्हणणार होतो की आत्या, मी आहे. पण ओठ अजून बधिर होते, "मी" निघायच्या ऐवजी नुसता फुर्र असा आवाज आला. आत्याने मान डोलावली, जणू तिला जे ऐकायचं होतं तेच ऐकू आलं. आणि मग आय माझ्या पाया पडली. खरं सांगतो, तिथे माझी हिंमत संपली. जन्मदात्या आईने पायावर डोकं ठेवल्यावर तिला कसं सांगायचं की हे गालांचे खड्डे बुजवायला केलंय?

अर्ध्या तासात मी पडवीत कडुलिंबाच्या पाल्यावर पडलो होतो. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. आत्याने नियम सांगितले. पाच दिवस घरात फोडणी नाही, तळण नाही. मोठ्याने बोलायचं नाही. मोबाइल बंद, कारण मातेला रिंगटोन सोसत नाही. बाहेरचा माणूस उंबऱ्याच्या आत नाही. घरात सुई चालवायची नाही. हे ऐकून ताईने मशीनवर चादर घातली. साखरपुड्याचा ब्लाउज एका बाहीचा शिवून झाला होता.

"आणि मातेच्या घरात कार्य नाय," आत्या म्हणाली.

मग बाबांनी मोबाइल बंद करायच्या आधी अंबरनाथला फोन लावला. मुलाच्या वडिलांना त्यांनी चाचरत सांगितलं की आमच्या पोराला माता आली आहे, रविवार पुढे ढकलावा लागेल. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "हरकत नाय! अजिबात हरकत नाय! ढकला! खुशाल ढकला!" आणि फोन ठेवला.

"एवढ्या लवकर हो बोलले?" आय म्हणाली. "पुढची तारीख तरी विचारली का त्यांनी?"

"नाय," बाबा म्हणाले.

"म्हंजे मोडनार. त्यांना निमितच पायजे होता."

ताई आत निघून गेली. त्या रात्री मला दहीभात मिळाला, बाकीच्यांना बिनफोडणीचं वरण. ते मी बघू शकलो नाही.

गुरुवारी सकाळी ताई पाणी द्यायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. शिबिर, मॅडम, यंत्र, सुया. ती ऐकत राहिली.

"म्हणजे मशीनखाली तोंड घातलंस?"

"तसंच जवळजवळ."

"आणि धागा?"

"धागा नसतो, ताई."

"मग शिवलं काय त्यांनी?" असं म्हणून ती हसली, आणि हसताहसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाल्यावर माझ्या बाजूला बसली. "चांगला होता रे तो. कधी कशाला नाय म्हणाला नाही. मी काय पण बोलले तरी हो म्हणायचा. असा कुठे मिळतो?"

हे कुठेतरी ऐकल्यासारखं मला वाटलं. पण मला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटत होती की दुसऱ्या कशाचा विचार करायला जागाच नव्हती.

मी उठलो, सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि कबूल करून टाकलं. "मला माता आलेली नाही. मी दवाखान्यात जाऊन सुया टोचून घेतल्या. साखरपुडा करा. त्यांना फोन लावा."

आत्या शांतपणे माझ्याकडे बघत होती. "बघा," ती आयला म्हणाली, "कशी लपते. माता मोठी आसंल तर असंच बोलतं माणूस. मागं शेजारचा पण बोलत होता, मला काय नाय झाला, मला काय नाय झाला."

"आत्या, अंगावर बघ, एक तरी पुळी आहे का?" मी सदरा वर केला.

"तोंडावरच बसली. मानाची जागा."

तेवढ्यात शेजारची काकू अंगणाच्या पलीकडून हळूच म्हणाली की मातेला विचारा, माझी हरवलेली कोंबडी कुठे आहे. मला खरंच माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने हात जोडले आणि गेली. दुपारी कोंबडी आपली आपण परत आली, आणि मग माझं कोण ऐकणार?

बाबांनी मात्र ऐकलं. ते राबाच्या राखेने माखलेले हात घेऊन सकाळी शेतावरून आले होते. राब म्हणजे भाताचं रोप जिथे टाकतात तो जमिनीचा तुकडा. उन्हाळ्यात त्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरतात आणि पेटवून देतात. वरची माती भाजून निघते. मग पाऊस पडल्यावर तिथे रोप जोरात येतं. बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले.

"सुयांनी कं होतंय?"

मी मॅडमनी सांगितलं होतं तसं सांगितलं. की कातडीला थोडं थोडं दुखवायचं, म्हणजे ती जागी होते आणि खालून नवी यायला लागते. लगेच नाही, महिना दीड महिना लागतो, आणि परत परत करावं लागतं.

बाबांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. हात लावणार होते, मी म्हटलं, "हात नका लावू." मग म्हणाले, "म्हंजे तोंडाचा राब केला."

"हो," मी म्हटलं. आजपर्यंत मला कुणी इतकं बरोबर समजावून सांगितलं नव्हतं, मॅडमनीसुद्धा नाही.

"मग पेरला कं?"

"काही नाही. कातडी स्वतःच पेरते."

"हां. आणि राब भाजल्यावर दुसऱ्या दिवशी भात मागत होतास तू. रविवारी." ते आत्याकडे वळले. "पोरगा खरा बोलतोय. माता नाय ही."

आत्याने विचार केला. आत्या हट्टी नाही, तिला फक्त प्रत्येक गोष्ट रीतीने लागते. ती म्हणाली, "आयली आसंल नायतर नसंल. मी तिला 'ये, बस' बोलले का नाय? बोलवलेल्या पाहुनीला आता दारातून परत धाडतोस? पाच दिस बसवायचा, दहीभात द्यायचा, मंग पाठवनी."

बाबा उठले आणि हात धुवायला गेले.

म्हणून आम्ही सगळे, जी आलेलीच नाही अशा पाहुणीची बडदास्त ठेवत बसलो. शुक्रवारी लाली गुलाबी झाली. शनिवारी बारीक खरखरीत खपल्या धरल्या आणि निघायला लागल्या. आज हे लिहिताना डाव्या गालावरचे दोन खड्डे जरा उथळ झाल्यासारखे वाटतात. बाकीचे जागच्या जागी आहेत, आणि मला त्यांचं आता पूर्वीइतकं वाटत नाही. पण त्या शनिवारी मी आरशात बघितलं नाही. ताई चादर घातलेल्या मशीनजवळ बसून राहायची. तिचा मोबाइल आत्याने पिठाच्या डब्यात ठेवला होता. अंबरनाथहून निरोप नाही. आय बोटं मोजून म्हणायची, सातवा. मी मनात माझं स्वागताचं भाषण म्हणून बघायचो, "आलेल्या सर्व पाहुण्यांचं", आणि पुढे जायचोच नाही.

रविवारी, ज्या वेळेला साखरपुडा व्हायचा होता साधारण त्याच वेळेला, मामाची मोटरसायकल आली. त्याने डहाळा बघितला आणि अंगणाबाहेरच थांबला. आम्ही सगळे आतल्या बाजूला ओळीने उभे राहिलो. मी आयचा हात धरला होता, की तिने माझा, आठवत नाही.

"बोल," बाबा म्हणाले. "मोडला का?"

"हळू बोल," आत्या म्हणाली.

मामाला हळू बोलता येत नाही. त्याने सगळी बातमी रस्त्यावरून ओरडून सांगितली, वाडीभर.

"कसला मोडतोय! त्यांच्या दारालाबी डहाळा! पोराला माता आयलीय! बुधवारी ओव्हरटाइमवरून आला तो तोंड लाल करूनच! तेच तुमाला फोन करनार होते, रविवार ढकला म्हनून, तर तुमचाच आधी गेला. मोबाइल त्यांचापन बंद, म्हनून निरोप नाय. मला उंबऱ्याच्या आत घेतला नाय. खिडकीतून बघितला मी त्याला, पाल्यावर बसून दहीभात खात होता. गालावर, कपालावर लाल. अंगावर एक पुळी नाय. बाजूला हिरवी पिशवी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ताईने माझ्याकडे बघितलं. आत्याने देवघराकडे बघितलं.

"पुढचा रविवार धरलाय त्यांनी," मामा म्हणाला, "दोनी घरच्या माता गेल्यावर. आनि निघताना पोरानं मला खिडकीशी बोलवला, त्याची आय बघत नाय असं बघून. बोलतो, मामा, तेवढं विचारून या. तुमच्या भाच्याची माता पन फक्त तोंडावरच आहे का? आनि तो कॉमर्सला आहे का, तो प्रॅक्टिकलवाला?"